दस्ती टाकायची कुठं?

वालूरच्या प्रवासी संघाचे अध्यक्ष बसवंतअप्पा गेल्या कित्येक वर्षांत बसमध्ये चढले नव्हते. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि कुणाला तिचं काही वाटत नव्हतं, कारण अप्पांनी तिचं कारण फार चांगलं सांगून ठेवलं होतं. "अध्यक्षच गाडीत बसला तर एका गोरगरिबाची जागा जाते का न्हाई?" असं म्हणून ते आपल्या स्कूटरला किक मारत.

खरं कारण फक्त बसम्माला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं. अप्पांना गाडी लागायची. साधीसुधी नाही. लग्नानंतर नवरानवरी देवदर्शनाला निघाले, तेव्हा वेशीबाहेर पडायच्या आत अप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली, ती मुक्कामाचं गाव येईपर्यंत आत घेतली नाही. बसम्मा म्हणायची, "नवरा कसा दिसतो ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी नुसती पाठ."

अप्पांचं पेंडीचं आणि बियाण्याचं दुकान बसथांब्याच्या बरोबर समोर होतं. दुकानाला लागून चाकं नसलेली एक जुनी बस दगडांवर बसवलेली होती. मोडीच्या लिलावातून आणलेल्या त्या धुडाचं अप्पांनी गोदाम केलं होतं. बाकं काढत बसायचा कुटाणा नको म्हणून सरकी पेंडीची पोती त्यांनी बाकांवरच ठेवली होती. एकेका बाकावर दोन-दोन पोती, खिडकीला टेकून. रस्त्यानं जाणाऱ्या म्हशी त्या बसपाशी थबकायच्या आणि आत बघून उसासा टाकायच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, गादीवर मांडी घालून अप्पा दिवसभर तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर अध्यक्षाची नजर ठेवायचे.

सेलूला जाणारी सकाळची गाडी बघायची गरज नव्हती, ऐकली तरी पुरे. ती ओढ्यापलीकडं असतानाच गावाला कळायचं. मग लोक अंघोळ उरकून, चहा पिऊन, चाललेलं भांडण संपवून निघायचे, तरी गाडी सापडायची. तिच्या काचा अशा खडखडायच्या की शेजाऱ्याशी बोलायचं म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघून अंदाजानं मान हलवायची. धूळ खिडकीतून यायची आणि खालूनही यायची. अप्पांची नात शिवरंजनी या गाडीनं सेलूच्या कॉलेजात जायची. बी. एस्सी.चं दुसरं वर्ष. घरून निघताना तिचा ड्रेस कोणत्या रंगाचा होता, हे मैत्रिणींना बरसातीत तेवढं कळायचं.

म्हणून संघानं अर्जी केली. अर्जीत गावानं आपापलं सुख घातलं. कुणी मऊ गाद्या मागितल्या, कुणी मोबाईलला चार्जिंग, कुणी उन्हाळ्यात थंड हवा. शेवटचं कलम अप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. 'खिडक्या अशा असाव्यात की त्यांचा आवाज येऊ नये व त्यांतून धुळीचा कणही आत येऊ नये.' लिहून झाल्यावर ते त्यांनी गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. गिऱ्हाइकं पेंड उधार न्यायला आलेली असल्यामुळं सगळ्यांना ते आवडलं.

आणि सरकारी कामात क्वचित घडतं ते घडलं. अर्जी मंजूर झाली. नुसती मंजूर नाही, कलमवार मंजूर झाली.

नवी गाडी आली ती कुणाला कळलीच नाही. ती विजेवर चालणारी होती. स्वागताला उभे असलेले बँडवाले ओढ्याकडं कान लावून विड्या ओढत होते, तोवर गाडी त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा ढोलवाला ढोलासकट गटारीत गेला. बसम्मानं गाडीला कुंकू लावलं, अप्पांनी नारळ फोडला. कंडक्टर उद्धव नवा शर्ट घालून दारात उभा राहिला. गाडी खरोखर देखणी होती. पांढरीशुभ्र, आत निळ्या गाद्या, वरून थंड हवेची भोकं, आणि पुढचा थांबा कोणता ते गोड आवाजात सांगणारं एक यंत्र.

"आता बसा!" अप्पा म्हणाले.

इथं जरा दस्तीबद्दल सांगायला हवं. हातरुमालाला या भागात दस्ती म्हणतात, आणि तिनं तोंड पुसतात हे तिचं दुय्यम काम. मुख्य काम जागा धरायचं. गाडी थांब्याला लागता-लागता खिडकीतून ज्याची दस्ती ज्या बाकावर पडली, ती जागा त्याची. मग तो निवांत चहा पिऊन आला तरी चालतं. दुसऱ्याची दस्ती उचलून बसणारा माणूस वालुरात अजून जन्मायचाय. तहसीलदाराचा हुकूम लोक मोडतील, दस्तीचा नाही. दस्ती विसरलेल्यांनी टोपी टाकावी, पिशवी टाकावी, एक चप्पल टाकावी. एकदा गोपाळतात्यांनी घाईघाईत आपली कवळी टाकली, तर तिलाही जागा मिळाली. तिच्या शेजारी मात्र सेलूपर्यंत कुणी बसलं नाही.

या विद्येतला सर्वांत मोठा माणूस म्हणजे दत्तराव. सेलूच्या कापडदुकानात कामाला जायचे. त्यांची दस्ती चालत्या गाडीत, डाव्या हातानं, चहाचा कप न सांडता, नेमकी तिसऱ्या खिडकीच्या बाकावर जाऊन पडायची आणि वर घडी मोडायची नाही.

तर अप्पा "बसा" म्हणाले आणि सगळ्यांनी दत्तरावांना मान देऊन वाट मोकळी केली. दत्तरावांनी कप डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. दस्ती सुटली. ती तिसऱ्या खिडकीच्या काचेवर आपटली, क्षणभर तिथंच चिकटली, आणि सावकाश घसरत खाली धुळीत पडली.

गावात कुणी गेल्यावर होते तशी शांतता झाली.

"काच उघडा की वो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"उघडत न्हाईत," उद्धव दारातून म्हणाला. "बसवलेल्याच तशा हायत. आवाज नको, धूळ नको, असं तुमीच लिवलं होतं म्हणे."

सगळं गाव अप्पांकडं बघायला लागलं. अप्पा नारळाची कवड शोधण्यात गुंतले.

दार एकच होतं, तेही पुढं, तेही आपोआप मिटणारं. जागा कुणाची हे ठरवायचा कायदाच उरला नाही म्हटल्यावर त्या दारात जे झालं त्याला कुस्ती म्हणता येणार नाही, कारण कुस्तीत दोघंच असतात. तरणी-ताठी माणसं आत गेली. बायाबापड्या आणि म्हातारी माणसं बाहेर राहिली. गोपाळतात्या अर्धे आत गेले आणि दारानं मिटायला सुरुवात केली. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "कृपया दारात उभे राहू नये." तात्या म्हणाले, "मग सोड की मला, बाई!"

दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं आलीच नाहीत. ती नागनाथच्या जीपकडं गेली. नागनाथच्या जीपमध्ये माणसं बसत नसत, रचली जात. एकदा एकानं सेलूपर्यंत आपला समजून दुसऱ्याचाच गुडघा खाजवला होता. पण नागनाथ दारातून हाक मारून न्यायचा, पिशव्या टपावर टाकायचा, आणि जीपला काचाच नव्हत्या. बॉनेटला टेकून तो म्हणायचा, "या, या! आपल्याकडं समदं उघडं हाय. दस्ती टाका, न्हाईतर आजीला टाका."

काही दिवस धडधाकट लोक नव्या गाडीनं गेले. पण ढकलायला कुणी उरलं नाही म्हटल्यावर त्यांचाही जीव रमेना. तेही जीपकडं गेले, कारण गर्दी तिकडं होती.

"अप्पा," शिवरंजनी एके संध्याकाळी म्हणाली, "आज गाडीत आमी तिघंच होतो. मी, कंडक्टर काका, आन् ते बोलणारं यंत्र."

"मग? ऐसपैस बसली असशील की."

"ते यंत्र तेवढं खूश वाटलं."

मग डेपोच्या व्यवस्थापक मैत्रेयी मॅडम स्वतः आल्या. वयानं तरुण, बोलायला मऊ, आणि ऐकणाऱ्याला घाम फोडणाऱ्या. दुकानासमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला.

"अप्पा, गाडी तुम्ही मागितली. दिली. आता तिचं भारमान बघा." भारमान म्हणजे गाडी किती भरून जाते ते. मॅडमनी ते बोटांच्या चिमटीत धरून दाखवलं. "महिनाअखेरीला मी पुन्हा येईन. तोवर गाडी भरली नाही, तर ती पूर्णेकडं जाईल, चुडाव्याच्या रस्त्यावर. आणि जुनी गाडी परत येणार नाही. ती मोडीत निघाली."

"चुडाव्याला? तिथं तर रेल्वे हाय मॅडम!"

"म्हणूनच. रेल्वेच्या खिडकीला गज असतात, दस्ती न टाकता चढायची त्यांना सवय असेल."

ही बातमी घरात पोचली तेव्हा अप्पांचा मुलगा शिवप्रकाश जेवत होता. तो मितभाषी आणि हट्टी. त्यानं घास खाली ठेवला. "गाडी हाय तवर कॉलेज. पोरगी नागनाथच्या जीपमधी जाणार न्हाई. टपावर पोती, दाराला माणसं लटकलेली. माझ्या जिवाला घोर नको. गाडी गेली की कॉलेज बंद."

"बाबा, प्रॅक्टिकल घरी बसून होत न्हाईत," शिवरंजनी म्हणाली.

"मग नकोत."

ती ताटावरून उठली. अप्पांनी बसम्माकडं बघितलं, आणि बघायला नको होतं असं त्यांना लगेच वाटलं.

"लिवा अजून कलमं," बसम्मा म्हणाली. "अक्षर लय ठसठशीत हाय तुमचं. पोरीचं शिक्षण बंद व्हायलंय, पण धुळीचा कण काय आत आला न्हाई."

अप्पांनी दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली. गाडीत का बसत नाही, हे त्यांनी गिऱ्हाइकागणिक विचारलं. एक म्हणाला, गाडी कधी आली तेच कळत नाही. दुसरा म्हणाला, गाद्या इतक्या मऊ की झोप लागते, परवा उतरायचं राहून गेलं आणि सासुरवाडी हुकली, तशी तक्रार नाही. एका म्हातारीला थंडी वाजली होती. "भर दुपारी वाकळ घेऊन बसावं का? लोक म्हणतील, म्हातारीला ताप आला." पण शेवटी सगळे दस्तीवर येऊन थांबायचे. "अप्पा, जागेचा भरवसा न्हाई. भरवसा न्हाई तर माणूस घरून निघंल कामून?"

उद्धव कंडक्टरनं सुचवलं की रांग लावा. तो परभणीला राहिलेला होता, त्यानं रांगा पाहिल्या होत्या. रांग लागली. फक्त तिच्यात माणसं नव्हती. चपला होत्या, छत्री होती, एक सायकलची ट्यूब होती, आणि बाकी दगड होते. माणसं समोर हॉटेलात. गाडी आली तेव्हा दोघेजण एकाच दगडावर पाय देऊन उभे राहिले.

"हा माझा."

"कशावरून? नाव कोरलंय?"

"सकाळी घरून आणलाय मी! आमच्या परसातला हाय, बघा, शेण लागलेलं हाय."

गाडी निघून गेली. दगड राहिले. त्यानंतर गावात रांगेचं नाव कुणी काढलं नाही.

महिना सरत आला. शिवरंजनी पुस्तकं आवरून ठेवायला लागली, एकेक पुसून, घरातलं कुणी नातलग दूर जाणार असल्यासारखी. अप्पांना ते बघवेना. ते दुकानात जाऊन बसले तर तिथं दत्तराव. पूर्वी हा माणूस थांब्यावर राजासारखा उभा असायचा. आता त्यांच्या खांद्यावर दस्ती नुसती लोंबत होती आणि डावा हात आपोआप झटके देत होता.

"हात शिवशिवायलाय अप्पा," ते म्हणाले. "घरात बाजेवर टाकून बघितली. तिथं काय कुणी विरोधी न्हाई. मजा न्हाई."

असं म्हणता-म्हणता ते चहाला वळले आणि वळताना, सवयीनं, त्यांनी दस्ती भिरकावली. ती शेजारच्या गोदामाच्या, म्हणजे त्या बिनचाकाच्या बसच्या, तिसऱ्या खिडकीतून आत गेली आणि नुकत्याच विकल्या गेलेल्या पोत्याच्या रिकाम्या जागी घडी न मोडता पडली.

थोड्या वेळानं गोपाळतात्या उन्हातून आले. सावली म्हणून गोदामात शिरले, रिकामी जागा बघून बसायला वाकले, आणि दस्ती दिसताच विंचू दिसावा तसे ताठ झाले.

"दत्तराव येणार हायत का?" त्यांनी अप्पांना विचारलं.

"कुठं?"

"हितं. जागा धरलीय त्यांनी."

"तात्या, ही गाडी कुठं जायलीय का?"

तात्यांनी बसकडं बघितलं. चाकांच्या जागी दगड. आत पेंड. "ते काय मला कळत न्हाई का?" ते म्हणाले. "पण दस्ती हाय ना."

आणि ते मागच्या बाकावर, पोत्याला टेकून बसले.

अप्पा गादीवरून उठले. अध्यक्ष झाल्यापासून ते इतक्या चपळाईनं कधी उठले नव्हते.

दोन दिवस हमाल लावून त्यांनी गोदाम रिकामं केलं. पोती घरात आली. माजघरात आली, देवघराच्या दारात आली. बसम्मानं पोत्यांच्या फटीतून विचारलं, "मी कुठं बसायचं?"

"दस्ती टाक," अप्पा म्हणाले, आणि दिवसभर घराकडं फिरकले नाहीत.

शिवरंजनीनं रंगाचा डबा घेतला आणि नव्या गाडीत जसे आकडे होते तसेच जुन्या गाडीच्या बाकांवर काढले. अडचण एकच आली. जुन्या गाडीत एका बाजूला तिघांचं बाक होतं, नवीत दोन्हीकडं दोघांचं. म्हणजे ओळीगणिक एक जागा जास्त. ती तशीच ठेवली असती तर त्या जागेवरचा माणूस नव्या गाडीत कुठं बसणार, यावरून खून पडले असते. "पोतं ठेवू," शिवरंजनी म्हणाली. मग प्रत्येक तिसऱ्या जागेवर पेंडीचं एकेक पोतं परत आलं आणि अप्पांच्या माजघरातून थोडी वाट निघाली.

नियम अप्पांनी थांब्यावर उभं राहून सांगितला. "ह्या गाडीत दस्ती टाका. जो आकडा मिळंल तीच तुमची जागा त्या गाडीत. ती गाडी आली की उद्धव हितं येईल, तिकिटं फाडील, आन् आकड्यानं एकेकाला तिकडं नेईल. म्हातारी माणसं, बायका, कुणाला ढकलायचं काम न्हाई. कुणाला कळलं न्हाई?"

सगळ्यांना कळलं. खरं सांगायचं तर इतकं सरळ कलम अप्पांनी यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

पहिल्या सकाळी दत्तराव आले. त्यांनी चहा घेतला. सगळं गाव श्वास रोखून उभं. दस्ती रस्ता ओलांडून गेली, तिसऱ्या खिडकीतून आत शिरली आणि आकड्यावर पडली. दत्तरावांनी डोळे पुसायला खांद्यावर हात नेला, तर दस्ती तिकडं होती. त्यांनी बाहीनं पुसले.

चार दिवसांत थांब्याचं रूप पालटलं. लोक गाडीच्या वेळेआधी येऊन जुन्या बसमध्ये बसायला लागले. तिथं सावली होती. खिडक्या उघड्या होत्या. खिडकीतून शेंगा घेता येत होत्या, बाहेरच्या व्याह्याशी भांडता येत होतं. गाडी हळूच आली तरी उद्धव आत येऊन उठवायचा, त्यामुळं ती चुकायचं भय उरलं नाही. बाया म्हणायच्या, माहेरी जायच्या आधी जरा वेळ बसायला बरं आहे. एकदोघंजण तर जायचं नसतानाही येऊन बसले. उद्धवनं तिकीट विचारल्यावर म्हणाले, "आमी हितंच उतरणार हावोत."

फक्त पेंडीचा वास सगळ्यांच्या कपड्यांना लागायचा. वालूरची गाडी सेलूत शिरली की रस्त्याकडेच्या म्हशी माना वर करतात, असं उद्धव सांगायचा. त्यात थोडी भर घातलेली असेल.

नागनाथची जीप ओस पडली. त्यानं दोन दिवस बॉनेटवर बसून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तोही जुन्या गाडीत येऊन बसला. "धंदा न्हाई तर निदान गप्पा तरी," तो म्हणाला. त्याला कुणी उठवलं नाही, कारण त्यानं दस्ती टाकली होती.

महिनाअखेरीला मैत्रेयी मॅडम आल्या. बघतात तर पांढरी गाडी रिकामी उभी, आणि समोर दगडांवरच्या गाडीत माणसांची खच्चून गर्दी, खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "भारमान तर चांगलं आहे. पण चुकीच्या गाडीचं आहे."

"थांबा जरा, मॅडम."

उद्धव जुन्या गाडीत गेला. आकडे पुकारले. माणसं एकामागून एक उतरली, दस्ती खांद्यावर टाकून रस्ता ओलांडला आणि मुकाट्यानं आपापल्या गादीवर जाऊन बसली. एका म्हातारीला तरण्या माणसानं हात दिला. मॅडमनी चष्मा काढून पुसला. सेलूच्या थांब्यावर, परभणीच्या थांब्यावर, कुठंच त्यांनी असं पाहिलं नसावं.

मॅडम पांढऱ्या गाडीत चढून मागंपर्यंत जाऊन आल्या. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती.

"ही कुणाची?"

"नागनाथची. तो नुसता गप्पा मारायला येतो," उद्धवनं सांगितलं.

मॅडम दारात येऊन थांबल्या. "अप्पा, तुम्ही कुठं बसता?"

"मी?" अप्पा म्हणाले. "अध्यक्षानं बसलं तर एका गोरगरिबाची..."

"जागा रिकामीच आहे. मला एवढंच लिहायचंय, की लोक कुतूहल म्हणून बसले की भरवसा म्हणून. ज्या गाडीत तिचे अध्यक्ष बसत नाहीत, तिचा भरवसा मी वर कसा कळवू? सेलूपर्यंत चला. मग लिहिते."

सगळी गाडी काचांना नाक लावून बघत होती. शिवरंजनीही बघत होती. गाडी अजून उभीच होती, तरी अप्पांनी नाक दाबून धरलं. त्यांनी बसम्माकडं बघितलं. लग्नानंतरच्या त्या प्रवासापासून आजपर्यंत तिनं कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. आताही काढला नाही. घरात गेली आणि एक लिंबू, थोडी लवंग आणि पेंडीच्या दुकानातली सर्वांत मोठी प्लास्टिकची पिशवी घेऊन आली.

"एवढी मोठी?" अप्पा पुटपुटले.

"मी बघितलंय तुमाला," ती म्हणाली.

"अध्यक्षांनी पण दस्ती टाकावी!" आतून दत्तराव ओरडले. अप्पांनी खिशातून दस्ती काढली, जुन्या गाडीच्या खिडकीवर नेम धरला, आणि टाकली. ती मॅडमच्या खांद्यावर पडली.

"जागा धरली का माझी?" मॅडम म्हणाल्या.

अप्पा चढले. नात शेजारी बसली, मॅडम उद्धवजवळ उभ्या राहिल्या. दार मिटलं. काचेवर हात फिरवून त्यांनी पाहिलं, उघडत नव्हती, कुठूनच नव्हती. आपल्याच कलमात आपण असे बंद होऊ असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, लिंबू नाकाला लावलं, पिशवीचं तोंड उघडलं, डोळे मिटले आणि पंचाक्षरी जप सुरू केला.

ओढा आला असणार. आता तो खड्डा. त्या खड्ड्याला सगळं वालूर ओळखतं. जुन्या गाडीत तिथं माणसाचं डोकं टपाला लागायचं. अप्पांनी जपाचा वेग वाढवला.

बराच वेळ काहीच झालं नाही.

"शिवरंजनी," त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "खड्डा कवा येतोय?"

"मागंच गेला, अप्पा."

अप्पांनी एक डोळा उघडला. बाहेर कपाशीची रानं सरकत होती, आवाज न करता, पडद्यावर सरकावीत तशी. गाडी हिंदकळत नव्हती. डिझेलचा तो वास, ज्यानं त्यांचं अर्धं काम थांब्यावरच व्हायचं, तो नव्हता. होता तो फक्त पेंडीचा वास, आणि तो तर त्यांना घरच्यासारखा. त्यांनी लिंबू खाली घेतलं. मग लवंग काढून खिशात ठेवली. मग पिशवीची घडी केली.

"इतकी साधी गोष्ट," ते म्हणाले, "कुणी सांगितली का न्हाई मला?"

"काय?"

"की गाडीत बसल्यावर बाहेर बघायला पण मिळतं."

सेलू आलं तेव्हा यंत्रानं गोड आवाजात सेलू आल्याचं सांगितलं. अप्पा झोपले होते. त्यांना उठवावं लागलं.

शिवरंजनी पिशवी खांद्याला अडकवून कॉलेजकडं पळाली. पळता-पळता वळून तिनं हात हलवला. मॅडमनी डेपोच्या दारात उभं राहूनच सांगितलं, "लिहिते तसं. गाडी वालूरचीच राहील."

अप्पांना आनंद मावेना. कधी एकदा घरी जाऊन बसम्माला रिकामी पिशवी दाखवतो, असं झालं. गाडी लगेच परतणार होती. ते थांब्यावर आले, तर तिथं सेलूहून वालूरला निघालेली सगळी माणसं बंद काचांसमोर हातात दस्ती घेऊन उभी. कुणी काच ठोकून बघत होतं, कुणी दाराकडं खांदा वळवून तयार. अप्पा त्यांना समजावायला पुढं झाले, आणि त्यांचा हात, ज्यानं सकाळीच आयुष्यात पहिल्यांदा हे काम केलं होतं, आपोआप वर गेला.

दस्ती काचेवर आपटली, क्षणभर चिकटली, आणि घसरत खाली आली.

अप्पांनी ती उचलली, झटकली आणि तसेच माघारी डेपोच्या दाराशी गेले. मॅडम अजून तिथंच उभ्या होत्या आणि ओठ दाबून हसू आवरत होत्या.

"मॅडम," अप्पा म्हणाले, "मागं आवारात मोडीतल्या गाड्या उभ्या दिसायल्यात. त्यांतली एखादी थांब्यावर आणून ठेवता येईल का? चाकं नसली तरी चालंल."

मॅडमनी आवाराकडं बघितलं. "एक आहे. पण तिची एक खिडकी गंजून बसलीय. काही केल्या उघडत नाही."

"असू द्या," अप्पा म्हणाले आणि दस्तीची नीट घडी केली. "तिथली जागा माझी."